डिकीतला पंच

डॅशबोर्डवर तिसरा गुद्दा बसला तेव्हा टॅक्सीवाल्या फटाक्याच्या बोटांतून रक्त आलं, पण काटे काही हलले नाहीत. गाडी भर चौकात मेली होती. दिवे नाहीत, हॉर्न नाही, किल्ली फिरवली तर साधी टिकटिकसुद्धा नाही. मागून आलेला ट्रक डाव्या अंगाला घासत गेला, आरसा मुळासकट उपटून घेऊन गेला आणि चार हात पुढे थांबला. आरशाच्या काचा उघड्या खिडकीतून आत आल्या त्या थेट बायकोच्या गालात.

"लागलं?" तो ओरडला. काळजीनं विचारायचं तरी त्याला ओरडूनच जमायचं.

"डोळा वाचला," ती पदरानं गाल दाबत म्हणाली. "आधी गाडी बाजूला घ्या."

ट्रकवाला शिव्या देत खाली उतरला. यानं लाथेनंच दार उघडलं. पण बायकोनं मागून शर्ट घट्ट धरला. "हात उचलायचा नाही. शब्द दिलाय तुम्ही." शर्टाची शिवण टरकली, तरी तिनं सोडलं नाही. फटाक्या दात खाऊन उभा राहिला. टॅक्सी स्टँडवर त्याला हे नाव उगाच पडलेलं नव्हतं.

त्या शब्दामागे एका माणसाचा जबडा होता. मागच्या वर्षी पार्किंगवाल्याशी तंटा झाला. फटाक्यानं डिकीतून लोखंडी गज काढला. त्या गजाचं नाव त्यानं 'पंच' ठेवलेलं होतं. सगळे तंटे तोच मिटवतो म्हणून. पंचानं निकाल दिला आणि पार्किंगवाला दोन महिने नळीनं जेवला. प्रकरण कसंबसं मिटलं. त्या दिवशी घरी आल्यावर बायकोनं हात न उचलण्याचा शब्द घेतला आणि वर सांगितलं, "तो गज फेकून द्या. पुन्हा मला गाडीत तो दिसला, तर तुम्हाला घरात मी दिसणार नाही."

फेकला, असं त्यानं सांगितलं. फेकला मात्र नव्हता. माणसाची दारू सुटते, पण बाटली टाकवत नाही, तसंच होतं ते. गज डिकीतच राहिला, फक्त स्टेपनीच्या मागे, पत्र्याच्या खाचेत, वरून दिसू नये असा.

आणि नेमकं तेव्हापासून गाडीला हे भूत लागलं. फ्यूज उडायचा. नवा टाकला की चार दिवस बरे जायचे, मग एखादा खड्डा, आणि पुन्हा सगळं ठप्प. बायकोच्या धाकट्या भावाचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज होतं. फटाक्यानं पाच वेळा गाडी तिथे नेली. बॅटरी बदलली, अल्टरनेटर बदलला, किल्लीचा स्विच बदलला, निम्मी वायरिंग नवी टाकली. कमाईतला निम्मा पैसा मेहुण्याच्या गल्ल्यात गेला, आणि गाडी तशीच.

गॅरेजला जाण्याआधी फटाक्या न चुकता एक काम करायचा. गज काढून घरच्या माळ्यावर टाकायचा. मेहुण्यानं डिकीत पाहिला असता तर तो ताईला सांगितल्याशिवाय राहिला नसता. गाडी परत आली की गज पुन्हा खाचेत.

आज घरी जायला सवड कुणाला होती? ट्रकवाला बडबडत निघून गेल्यावर त्यानं नवा फ्यूज टाकला आणि गाडी सरळ गॅरेजच्या दारात नेऊन घातली.

मेहुणा हातातला टेस्टर टाकून धावत आला. "ताई, काय झालं गं?"

"तुझ्या कृपेनं झालं!" फटाक्यानं त्याची गचांडी धरून त्याला बॉनेटवर आपटलं. "पाच वेळा लुटलंस मला. आज मेली असती ती!"

मेहुण्याचं नाक फुटलं. "भावोजी, सोडा. गाडी इथे येते तेव्हा ठणठणीत असते. फॉल्ट काय स्वप्नात शोधू? चार दिवस ठेवा म्हटलं, तर ठेवत नाही." त्यानं बाहीनं रक्त पुसलं. तेवढ्यावर थांबायचं, तर तेही नाही. "गाडीपेक्षा तुमचाच फ्यूज लवकर उडतो."

गॅरेजात खसखस पिकली. फटाक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बायकोला डिकी उघडल्याचा आवाज आला. नवा फ्यूज काढत असतील, असं तिला वाटलं. ती खाली उतरली तेव्हा पहिला घाव मेहुण्याच्या खांद्यावर बसला होता. दुसऱ्याला मेहुण्यानं उजवा हात आडवा धरला. मनगट मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिसरा घाव डोक्यावर येत होता, तेवढ्यात ती मध्ये घुसली. गज तिच्या केसांना टेकून थांबला.

"मारा," ती म्हणाली. "थांबलात का?"

फटाक्यानं गज खाली घेतला. कुणी हसत नव्हतं. खाली बसलेला मेहुणा पांढराफटक पडला होता, लोंबणारं मनगट मांडीवर घेऊन गजाच्या टोकाकडे टक लावून बघत होता.

"भावोजी," तो कण्हत म्हणाला, "हा गज कुठे ठेवता?"

टोक जळून काळं पडलेलं होतं. त्यावर तांब्याचे बारीक थेंब वितळून चिकटले होते. फटाक्यानं डिकीत वाकून पाहिलं. स्टेपनीच्या मागे, गजाच्या खाचेत, डिकीच्या दिव्याची लाल वायर सोलून उघडी पडली होती. भोवतीचा पत्रा काजळला होता.

"या गाडीत तो दिवा आणि इंजिनची लाईन कुणीतरी एकाच फ्यूजवर घेतलीय," मेहुणा दम खात बोलला. दुखत असूनही त्याच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्याचं समाधान होतं. "खड्ड्यात गज उडाला, वायरीला आणि पत्र्याला टेकला, की फ्यूज खलास. आणि माझ्याकडे गाडी यायची तेव्हा डिकी रिकामी. मला कसा सापडावा?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि चोर हातात गज घेऊन उभा होता. तो त्यानं टाकला. फरशीवर पडलेल्या गजाकडे बायकोनं एकदा पाहिलं. मग तिनं भावाला धरून उठवलं.

दोघं भावंडं मागे बसली. फटाक्यानं किल्ली फिरवली, गाडी एका झटक्यात सुरू झाली. हॉस्पिटलचा सगळा रस्ता उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याला मेहुणा कळवळत होता. गाडी मात्र एकदाही अडखळली नाही. आठ महिन्यांत इतकी गोड ती चालली नव्हती. एकदा तरी बंद पड, असं फटाक्या मनात म्हणत होता. म्हणजे वेळ मिळाला असता, काहीतरी बोलता आलं असतं.

हॉस्पिटलच्या दारात तिनं भावाला आधार देऊन उतरवलं. तिच्या गालावरचं रक्त वाळलं होतं.

"मी थांबतो इथेच," तो म्हणाला. "तुला घरी न्यायला."

"कशाला?" तिनं दार हळूच लावलं. "मी आता याच्याकडेच राहणार. तुम्ही जा. गाडी आता वाटेत बंद पडायची नाही."