अकरा घरांची एकच चटई

मित्रांनो, केवड्याच्या पातीची जुनी चटई आहे मी. टोंगा देशात राजधानीपासून बोटीने दोन दिवसांवर ओलोमोआ नावाचं अकरा घरांचं बेट आहे. तिथे फुसिपाला आत्याने आणि तिच्या मैत्रिणींनी पाती समुद्राच्या पाण्यात भिजवून, उन्हात वाळवून मला सहा महिने विणलं. बेटावर माझ्या तोडीची दुसरी चटई नव्हती. मला याचा ताठा होता, आणि त्यापायीच माझी स्वस्थता गेली.

कुणाचं लग्न असो की मयत, "आत्या, चटई द्या की," म्हणत कुणीतरी दारात हजर. मला गुंडाळायचं, खांद्यावर टाकायचं आणि चालू पडायचं. एका जागी आठवडाभर लोळणं मला माहीतच नाही.

त्या वर्षी विहीर मचूळ झाली. आत्याची नात लेसिएली ते पाणी पिऊन सारखी आजारी पडू लागली. तेवढ्यात राजधानीतून निरोप आला. कुठल्या बेटावर किती गरिबी आहे याचा नकाशा होणार होता, आणि सगळ्यांत गरीब बेटाला पावसाच्या पाण्याची मोठी टाकी आधी मिळणार होती. खरं तेच सांगायचं, असं सगळ्यांनी ठरवलं.

पण घरोघरचं सामान लिहून घेणारा केफू नावाचा मोजणीवाला बोटीतून उतरला आणि बायकांचा धीर सुटला. पाहुण्याला उघड्या जमिनीवर कसं बसवायचं?

मग माझी आणि बेटावरच्या एकुलत्या शिवणयंत्राची पळापळ सुरू झाली. केफू एका घरातून पुढच्या दाराने निघाला की मी मागच्या दाराने.

"धाव गं, चपला घालतोय तो!"

"तू आधी ते शिवणयंत्र उचल. नुसते हुकूम सोडतेस."

प्रत्येक घरात केफू माझ्यावर बसला, कोंबडी खाल्ली आणि कागदावर लिहिलं, 'उत्तम चटई, एक.' अकराव्या घरात पोचेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला होता.

पुढे नकाशा आला. गरीब बेटं गडद, सुखवस्तू बेटं पिवळी. आमचं बेट पिवळंधमक होतं. टाकी शेजारच्या बेटावर गेली. आत्या माझ्यावर बसून रडली. "नातीच्या तोंडचं पाणी मीच काढून घेतलं," म्हणाली. मला तेव्हा माझ्या तलमपणाची लाज वाटली.

तीन वर्षांनी नव्या मोजणीसाठी केफू पुन्हा येणार असं कळलं. बायका मला न्यायला आल्या.

"चटई कुठेही जाणार नाही," आत्या म्हणाली.

"अहो आत्या, मग पाहुणा बसेल कशावर?"

"जमिनीवर. आपण बसतो तसा."

"आणि आमची अब्रू?"

"ती प्यायला येते का गं?"

बायका रिकाम्या हातांनी परतल्या. केफू आधी आमच्याच घरी आला. माझ्या कोपऱ्यावर दिव्याने जळाल्याचा डाग आहे, त्यावर त्याने बोट ठेवलं.

"आत्या, हा डाग मी मागे अकरा घरांत पाहिला होता."

"मग लिहिलं का नाहीस?"

त्याने मान खाली घातली. "तुम्ही एवढ्या मानाने बसवलंत. यजमानाला खोटं कसं पाडू?"

आत्या उठली आणि त्याच्याबरोबर बाकीच्या दहाही घरी गेली. प्रत्येक घरी तीही जमिनीवर बसली. मी मात्र दिवसभर एका जागी होते. जन्मभर जी विश्रांती मागितली ती मिळाली, पण क्षणभरही चैन पडली नाही. तिकडे कोण लाजून मान खाली घालत असेल, हेच मनात येत होतं.

नवा नकाशा अजून यायचा आहे. लेसिएली रोज धक्क्यावर जाऊन बोट आली का पाहते आणि परत येऊन माझ्यावर पडून राहते. आता ती फारच हलकी लागते.

मित्रांनो, पाहुणा आला की मला जरूर अंथरा. मात्र तुम्ही कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात, तर माझा एक कोपरा उचलून खाली पाहा, आणि पाहिलेलं सांगायला लाजू नका.