ताण द्या, ताण देऊ नका

माझा धाकटा भाऊ छतं रंगवतो. साधं सपाट छत लांब दांड्याला रोलर लावून कुणीही रंगवेल. याच्याकडे येतात ती नक्षीची छतं. पानं, वेली, कोपऱ्यातली फुलं. तिथे दांडा चालत नाही. मान मागे टाकायची, हात डोक्यावर सरळ करायचा आणि ब्रशचे केस नक्षीच्या खाचेत शिरेपर्यंत दाब द्यायचा.

जिन्यात पाय घसरून त्याचा त्याच हाताचा, उजवा कोपर मोडला. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण कोपर काही उघडेना. हात कायम चहाचा कप धरल्यासारखा वाकलेला दिसायचा. त्याचा जोडीदार लंबू याने एका जुन्या सभागृहाचं काम घेतलं होतं आणि छत माझ्या भावासाठी ठेवून तो भिंती उरकत होता. भिंती काही जन्मभर पुरणार नव्हत्या. त्यात सर्जननी सांगून ठेवलं होतं, की पुढच्या तपासणीलाही कोपर एवढाच उघडला, तर शस्त्रक्रिया करून आतून मोकळा करावा लागेल. म्हणजे पुन्हा टाके, पुन्हा विश्रांती, आणि सभागृह गेलं.

आमच्या घरात आम्ही दोघंच. मी शाळेतून निवृत्त झाले, पण गल्लीतली मुलं अजून दुपारी येतात, न समजलेलं विचारायला. तेवढा वेळ भाऊ गच्चीवर जायचा आणि दार ओढून घ्यायचा. वरून "हुं... हुं..." असा आवाज यायचा. व्यायाम चाललाय, असं मी धरून चालले. हॉस्पिटलमध्ये तो एकटाच जायचा आणि येताना तोंड पाडून यायचा.

"मॅडम काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? काका, तुम्ही घरी काहीच करत नाही." या व्यायामाच्या मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या, आणि त्यांचं 'काका' त्याला फारच लागायचं. "मी करत नाही! सांगितलं त्याच्या दुप्पट करतो, ताई. अंगातून घाम निथळतो. आणि वर हे ऐकून घ्यायचं!"

त्या आठवड्यात मुलांचा स्नायूंचा धडा चालू होता. त्यात एक मुलगी आहे, तिला सगळे शंकासुर म्हणतात. तिने सुरुवातच केली, "बाई, स्नायू म्हणजे मटणच ना?"

"तेच. जिवंत असेपर्यंत स्नायू म्हणायचं."

दोन मुलांनी आपापल्या दंडाकडे जरा दचकूनच पाहिलं.

मी म्हटलं, "दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अर्धी घाला. आता आत सरकवा. बोटं आखूड झाली का?"

"नाही."

"पण मनगटं जवळ आली ना? स्नायूच्या प्रत्येक तंतूत असेच बारीक धागे असतात. ते एकमेकांत सरकतात. धागा तेवढाच राहतो, पण स्नायू आखूड होतो. त्याच्या टोकाला दोरीसारखा चिवट पट्टा असतो, त्याला कंडरा म्हणतात. तो हाडाला घट्ट धरून असतो. स्नायू आखडला की हाड ओढलं जातं. झालं काम."

"आणि ढकलताना?" शंकासुराने विचारलं.

"स्नायूला ढकलता येत नाही. त्याला एकच येतं, ओढणं."

"काहीतरीच! मग मी दार ढकलते ते?"

"कोपराचं मागचं टोक चाचपून बघ. दंडाच्या मागचा स्नायू त्याला धरून ओढतो, म्हणून हात सरळ होतो आणि दार ढकललं जातं. पुढचा ओढतो तेव्हा हात वाकतो. त्यांची जोडी असते. एकाने ओढलं की दुसऱ्याने सोडायचं. दोघांनीही धरून ठेवलं तर हात जागचा हलणार नाही."

भाऊ नेमका तेव्हाच गच्चीवरून खाली आला. शंकासुराने त्याला गाठलं. "काका, बेटकुळी दाखवा ना!"

त्याने बाही वर सरकवली. वाकलेल्या हातावर बेटकुळी अशी टरारून आली, की मुलांनी एकेक करून बोट दाबून पाहिलं.

"दगड आहे, दगड!"

"मेहनत आहे," भाऊ म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो जरा ताठ चालत आत गेला.

मला मात्र ते पटेना. हात एवढा दमदार होतोय, मग उघडत का नाही? पुढच्या वेळी मीही त्याच्याबरोबर हॉस्पिटलात गेले.

मॅडमनी कोपराला मोजपट्टी लावली आणि ओठ आवळले. "काका, मागच्या वेळेपेक्षाही कमी उघडतोय. तुम्ही घरी काही..."

"करतो!" भावाचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार. "करतो, करतो, करतो! तुम्हाला लेखी देऊ का?"

"मग दाखवा. घरी करता तस्संच दाखवा."

त्याने खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात वजनासाठी वाळूच्या पिशव्या होत्या. त्यातली सगळ्यात मोठी उचलली, कोपर बरगडीला टेकवला आणि पिशवी खांद्यापर्यंत वर आणली. "हुं." खाली. पुन्हा वर. "हुं."

मॅडम बघतच राहिल्या. "हे काय करताय?"

"ताण देतोय."

"कशाला?"

"हाताला! तुम्हीच नाही का सांगितलंत, रोज ताण द्या, जमेल तेवढा? मला जमतो. घरी रंगाचा भरलेला डबा घेतो."

"अहो, पण सर्जननी तुम्हाला..."

"सर्जन म्हणाले ताण देऊ नका. तुम्ही म्हणालात ताण द्या. दोघांची खोली शेजारीशेजारी, बोलत नाही का एकमेकांशी? म्हटलं, त्यांना हाडातलं कळतं, यांना व्यायामातलं कळतं. तुमचं ऐकलं."

मॅडमनी डोक्याला हात लावला. "काका, ताण म्हणजे ताणा! लांब करा! रबर ताणतो तसं!"

"मग ताणा म्हणायचं!"

"ताण द्या म्हणजे तेच की."

"तेच कसं? फळीवर जास्त डबे ठेवले की फळीला ताण येतो. फळी लांब होते का?"

सर्जनचा ताण म्हणजे ओझं. मॅडमचा ताण म्हणजे लांबवणं. दोघांचं बरोबर होतं, शब्दही एकच होता, आणि तो नेमका फळीला ताण येतो म्हणणाऱ्या माणसाच्या कानावर पडला होता.

"चूक माझी आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी सांगितलं, करून दाखवलं नाही. प्लास्टरमध्ये तुमचा पुढचा स्नायू आधीच आखूड झाला होता. त्याला लांब करायचं सोडून आपण त्याला रोज आणखी आखडायला शिकवलं." त्यानंतर मात्र त्यांनी त्याला 'काका' अशी हाक मारली नाही.

मला वाटलं, कारण सापडलं, आता याचा जीव भांड्यात पडेल. कसलं काय! घरी येईपर्यंत तो फुटपाथवर माझ्या चार पावलं पुढेच होता, आणि जिना चढताना एकदाच वळला.

"म्हणजे मी घाम गाळून दार आतून ओढून धरत होतो, ताई. बाहेरून उघडत का नाही म्हणून चिडत होतो, आणि आतून मीच ओढत होतो!"

मॅडमनी या वेळी करून दाखवलेला खरा व्यायाम त्याला त्याहून छळणारा निघाला. पलंगावर उताणं पडायचं, दंडाखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, कोपरापुढचा हात पलंगाच्या कडेबाहेर काढायचा आणि नुसता सोडून द्यायचा. आपल्याच वजनाने तो हळूहळू खाली येऊ द्यायचा.

"मग मी काय करायचं?" त्याने मला विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच नाही. पडून राहायचं."

ज्याने जन्मभर अंगमेहनत केली त्याला पडून राहा म्हणणं म्हणजे शिक्षाच. हात जरा खाली झुकला की बेटकुळी पहारेकऱ्यासारखी उठून उभी राहायची.

"सोड ना," मी म्हणायची.

"सोडलाय."

"मग हे वर काय आलंय?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार!"

"अरे, तुझाच हात आहे."

"माझा असता तर माझं ऐकलं असतं!" त्याने टॉवेलची गुंडाळी दारावर भिरकावली. "उचल म्हण, उचलतो. ओढ म्हण, ओढतो. सोड म्हणजे नक्की काय करायचं असतं, ते कुणी सांगेल का मला? की तेवढं सगळ्यांना जन्मतःच येतं?"

मी टॉवेल उचलून घडी करत बसले. इतकी वर्षं शिकवलं, पण मुलाला 'लक्ष दे' म्हणून लक्ष देता येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. त्याला दुसरं काहीतरी करायला द्यावं लागतं, म्हणजे लक्ष आपसूक येतं. सोडणंही तसंच. सोड म्हणून सांगितल्यावर सुटत नाही. दंडाच्या मागच्या स्नायूला 'ओढ' असा निरोप गेला, की त्याच वेळी पुढच्याला 'सोड' असाही निरोप जातो. तो मणक्यातून परस्पर जातो, आपल्याला विचारतही नाही.

"ऊठ," मी म्हटलं. "सोडू नकोस. भिंत ढकल."

"आता भिंत!"

"तळहात टेकव आणि ढकल. जोर लावायचा नाही. दार उघडं आहे का बघतोस, तेवढंच."

तो बडबडत उठला. भिंत ढकलून कुणाचा हात बरा झालाय, भिंतीचा तरी झालाय का, वगैरे. पण तळहात टेकवला. मी त्याच्या बेटकुळीवर बोट ठेवलं. ढकलायला लागला तशी ती माझ्या बोटाखाली मऊ पडली. दगड कुठल्या कुठे गेला.

"इथे हात लाव."

त्याने डाव्या हाताने चाचपलं. ढकललं. थांबला. पुन्हा ढकललं.

मग लगेच पलंगावर पडला. हात नेहमीपेक्षा खाली आला.

"किती?" त्याने छताकडे बघतच विचारलं.

"बोटभर."

"बोटभर!" तो कडवटपणे हसला. "वा! या वेगाने पुढच्या जन्मी सरळ होईल."

रंगाचे डबे मी खालच्या कपाटात ठेवून किल्ली माझ्याकडे घेतली. त्यावरूनही भांडण झालं. तो रोज भिंत ढकलायचा, रोज पडायचा, आणि रोज बोटभर या शब्दाचा उद्धार करायचा. मुलांना तो आवाज आता सवयीचा झाला होता.

तपासणीच्या दिवशी सर्जननी हात उलटसुलट करून पाहिला. "शस्त्रक्रियेची गरज नाही."

भाऊ खुर्चीतून अर्धा उठला. "म्हणजे पूर्ण सरळ होणार?"

"तसं नाही सांगता येणार. थोडा बाक राहील कदाचित. रोजच्या कामाला अडणार नाही."

"माझं रोजचं काम काय ते तुम्हाला..." मी त्याच्या पायावर पाय दिला. बाहेर येऊन तो हॉस्पिटलच्या फाटकाला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी लंबू आला. सभागृहाच्या भिंती संपल्या होत्या. बूट काढायच्या आधीच त्याने पिशवीतून कोरडा ब्रश काढला. "चल, चढ टेबलावर. तुझ्या ताईच्या छतावर बघू."

भाऊ टेबलावर चढला. मान मागे टाकली, हात वर नेला. थोडासा बाक उरला होता, तरी ब्रश छताला लागला. मी श्वास सोडला. पण लंबू खालून म्हणाला, "लागला, मान्य. दाब. केस वाकू देत."

भावाने दाबलं. दंडाच्या मागचा स्नायू थरथरायला लागला. इतके दिवस निजून राहिलेला तो, आता कुठे कामाला लागला होता. ब्रशचे केस वाकले. जेमतेम, पण वाकले.

"दिवसभर असा टिकशील?"

एरवी भाऊ त्याच्या अंगावरच धावून गेला असता. आता हात खाली घेऊन तो दंड चोळत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "थोडा वेळ टिकेन. मग थांबावं लागेल."

"मग थांबू. पाहिजे तेव्हा थांब. वेली आणि पानं तू कर, उंची कमी पडली तर खाली आणखी एक फळी टाकू. कोपऱ्यातली फुलं मी करतो."

"फुलं?" भाऊ टेबलावरून उतरता उतरता थबकला. "तू?"

"का? मला काय झालं?"

"तुझी फुलं मी पाहिली आहेत, लंबू. कोबी वाटतात."

"मग तू ये ना करायला! कोपऱ्यात हात अख्खा सरळ लागतो. आहे तुझा?"

भाऊ उतरला. लंबूकडे न बघता खोली ओलांडून पलीकडे गेला, तळहात भिंतीला टेकवला आणि ढकलायला लागला.

"आता हे काय?" लंबूने मला विचारलं.

"फुलं सगळ्यात शेवटी घ्यायची," भाऊ भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "आधी वेली. मी सांगेपर्यंत कोपऱ्यांना हात लावायचा नाहीस, कळलं?"