माझ्या पडद्यावर सरकलेली ज्येष्ठा

मित्रांनो, मला स्वतःचा चेहरा नाही. मी जुन्या काळचा घरगुती संगणक. सारे अंग म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड. काही सांगायचे झाले, तर टीव्हीच्या पडद्यावरच सांगावे लागते.

सांगलीच्या अनंतरावांनी तरुणपणी मला घरी आणले आणि माझ्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. सांगलीवरचे आकाश, एकेक तारा आपल्या जागी! मी मनापासून गणिते करी. पण शेवटचा तारा काढेपर्यंत बाहेरचे आकाश पुढे सरकलेले असे. "दमतो बिचारा," म्हणत ते माझ्यावरून हात फिरवत. पुढे नवे संगणक आले आणि मी माळ्यावर गेलो.

यंदा अनंतरावांची नजर झपाट्याने जाऊ लागली. उरलेली थोडीच, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा त्यांची मुलगी शरयू म्हणाली, "बाबा, तुमचं आकाश चालतं करू या. त्याच यंत्रावर."

टीव्ही दुरुस्त करणारा गुंडा जुना टीव्ही घेऊन आला. मला पाहून म्हणाला, "ताई, ह्यो तर भंगारवाला बी घेणार न्हाई!"

"म्हणूनच उरलाय," शरयू हसली.

माझ्या पाठीमागच्या खाचेत तिने एक बोर्ड बसवला. त्यावर आजच्या काळातला प्रोसेसर. गणित त्याने करायचे, तारे मी मांडायचे. आणि आम्हा दोघांना जोडणारे सॉफ्टवेअर ती लिहू लागली. काय सांगू! माझा एक तारा होईपर्यंत त्याचे अख्खे आकाश मोजून होई. देवाने एवढा वेग कुणाला दिला असेल, असे मला वाटले नव्हते. पण तो आकडे असे ओतायचा की निम्मे माझ्या हातून सांडत. पडद्यावर तारे थोडे, ठिगळेच फार. तिकडे अनंतरावांना मोठी अक्षरेही पुसट दिसू लागली.

श्रावणातल्या शुक्रवारी शरयू आईला कहाणी वाचून दाखवत होती. ऐकणाऱ्याने 'हुं' म्हटल्यावाचून पुढे जायचे नाही, ही त्या घरची रीत. शरयूचे मन माझ्यात. ती भराभर वाचत सुटली.

"अगं, हुंकार तरी घे माझा! गाडी चुकतेय का तुझी?"

शरयू चमकली. "आई, तो बोर्डसुद्धा घेत नाहीये!"

कहाणी मात्र तिने नीट पुरी केली. मगच सॉफ्टवेअर बदलले. एक तारा द्यायचा, माझा होकार येईपर्यंत थांबायचे, मग पुढचा. मित्रांनो, एवढा वेगवान तो, पण माझ्यासाठी थांबू लागला! त्याच्या वेगापेक्षा मला ते थांबणेच मोठे वाटले.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी दिवेलागण झाली. बाहेर नुसते ढग, एकही तारा नाही. घरात मात्र सारे आकाश उतरले. अनंतराव पडद्याला नाक लावून बसले. शोधत शोधत त्यांनी ज्येष्ठेच्या ताऱ्यावर बोट ठेवले आणि ते हलवले नाही. काही मिनिटे गेली. आणि मग...

"शरयू! निसटली गं! माझ्या बोटाखालून ज्येष्ठा निसटली!" ढगांआडचे आकाश सरकले होते आणि या वेळी मीही त्याच्याबरोबर सरकलो होतो.

मुलांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखे कुणी असेल, तर टाकून देण्याआधी घरातल्या मोठ्यांना एवढे विचारा, की ह्याच्याकडून तुमचे काय करून घ्यायचे राहिले आहे? आणि लवकर विचारा. ते पाहायला त्यांचे डोळे आहेत, तोवर.