लाल दिवा आणि काळा दोरा

मित्रांनो, मी एक जुना शेकाचा दिवा आहे. सोनईत आप्पासाहेब वैद्यांच्या दवाखान्यातला कोपरा ही माझी जागा. मान वाकडी, बुडाला गंज आणि तोंडात फुटक्या काचेचे दात. पोरं मला भुताचा दिवा म्हणतात. मला त्याचा राग येत नाही, कारण ते अगदीच खोटं नाही.

नगरच्या लष्करी लिलावातून आप्पासाहेबांनी मला आणलं. सुजलेल्या सांध्यांना आधी निर्गुडीच्या पाल्याचं तेल चोळायचं आणि मग माझ्या लाल उजेडात शेकायचं, ही त्यांची रीत. लोक हसले. पण बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडून आखडलेले हात माझ्यापुढे आले, तेव्हा हसणं थांबलं. त्यांतल्या राहीबाईची मूठ वळत नव्हती, ती वळू लागली. मग तिनेच शहजादीला ओढत आणलं.

शहजादी गावात बांगड्या भरायची. तिच्या बोटांचे सांधे बोराएवढे सुजले होते.

"आप्पा, बोटं गेली तर माज्या पोटाचं कसं?"

"धीर धर. सूज उतरती हाय," आप्पासाहेब म्हणाले.

खरंच उतरत होती. लहान पोरींच्या बांगड्या ती पुन्हा भरू लागली, तेव्हा मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

खंडेनवमीला घरोघरी हत्यारं-अवजारं पुजतात. राहीबाई माझ्यासाठी ताट घेऊन आली. आप्पासाहेब मागच्या अंगणात पाला वाटत होते. शहजादी माझ्या उजेडात बोटं शेकत होती.

"माजा देव ह्यो," म्हणत राहीबाईनं बोट पाण्यात बुडवलं आणि ओलं कुंकू माझ्या तापलेल्या काचेला लावलं.

मी तडकलो. काचा शहजादीच्या ओटीत पडल्या.

माझ्यात बसेल तसा काचेचा गोळा नगरला मिळाला नाही, मुंबईलाही नाही. नुसतं तेल चोळणं चालू राहिलं, पण थंडी आली तशी सूज परतली. संक्रांतीला राहीबाईनं शहजादीपुढे हात धरला. बांगडी पिचली. दुसरीही पिचली.

"दुसरीकडं भर, बाई."

"न्हाई. तुज्याच हातानं भरीन."

सवाशिणीचं मनगट रिकामं, म्हणून सासूनं आकांत केला. राहीबाईनं मनगटाला काळा दोरा बांधला. पुढे शहजादी श्रीगोंद्याला भावाकडे गेली आणि तिथेच वारली.

माझी वायर कधीच काढली आहे. तरी तिन्हीसांजेला निर्गुडीचा वास येतो, बांगड्या किणकिणतात आणि माझ्यापुढे कुणीतरी बोटं धरतं. मी पेटायची धडपड करतो. पेटत नाही.

मित्रांनो, राबणाऱ्याला हात जरूर जोडा, पण आधी त्याला निवू द्या.

यंदाही खंडेनवमीला राहीबाई आली. ताट नव्हतं. शहजादी बसायची त्या पाटासमोर ती बसली आणि काळ्या दोऱ्याचा हात पुढे धरून म्हणाली, "भर गं."