आरशासमोरची बाटली

वहिनीने सकाळी दिलेल्या पिशवीत तिने काढून ठेवलेल्या दुधाच्या तीन बाटल्या होत्या, प्रत्येकीत नव्वद मिलिलिटर, शिवाय सहा लंगोट, दोन झबली आणि एक चिठ्ठी: "प्यायली नाही तर लगेच फोन करा. मी न्यायला येईन."

दादा-वहिनी वेगळे झाल्यापासून पाच महिन्यांची ठमी आज पहिल्यांदाच दिवसभर दादाकडे होती. आजचा दिवस निभावला तर दर रविवार त्याचा; नाहीतर ठमी अंगावर पिणं सोडेपर्यंत आठवड्याला फक्त दोन तास.

दादाने कुशीत घेऊन बाटली पुढे केली, की ठमी त्याच्या शर्टात तोंड खुपसून शोधायची आणि मग भोकाड पसरायची.

"तिथे काही मिळायचं नाही गं बाई," मी म्हणाले.

"तुला आत्या म्हणून बोलावलंय, परीक्षक म्हणून नाही!"

"अरे, कुशीत घेतलंस की तिला आईच आठवणार. तोंड दुसरीकडे कर तिचं."

दादाचं सलून खालीच होतं, रविवार दुपारचं बंद. तो आरशासमोरच्या खुर्चीत बसला, ठमीला आरशाकडे तोंड करून मांडीवर टेकवलं आणि गिऱ्हाइकाशी बोलतो तसा म्हणाला, "मान सरळ, बाईसाहेब. काय करायचं आज? केस तर चारच आहेत."

ठमी आरशातल्या ठमीकडे टकामका बघत राहिली. बाटली तोंडात कधी गेली, तिला कळलंच नाही.

संध्याकाळी वहिनीने दारातूनच विचारलं, "किती प्यायली?"

मी बाटल्या ओळीने मांडल्या. दोन रिकाम्या होत्या. तिसरीत दहा मिलिलिटर उरलं होतं.