सरांचा दम

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पाण्याचा नव्हे, हवेचा. लोखंडी पायपट्टी, लांबोडं नळकांडं, लाकडी मूठ आणि पोटात चामड्याचा वॉशर, एवढाच माझा संसार. कारखान्यात माझे भाग जुळले तेव्हा वाटलं होतं, सायकलींच्या चाकांतच जन्म जाईल. पण मला विकत नेलं एका तरुण सरांनी. गुडघा दुखावल्यामुळे त्यांचं स्वतःचं खेळणं सुटलं होतं आणि एका कॉलेजात बास्केटबॉल शिकवायची नोकरी नुकतीच लागली होती.

वर्षभरात फुटबॉलचे सर नोकरी सोडून गेले. प्राचार्य म्हणाले, दोन दिवस तुम्हीच सांभाळा. सरांचे केस पांढरे झाले तरी ते दोन दिवस संपले नाहीत. सकाळी मैदानावर मुलांचा फुटबॉल, संध्याकाळी हॉलमध्ये मुलींचा बास्केटबॉल, आणि दोन्हीकडे सरांच्या काखेत मी.

चेंडूत हवा सर स्वतः भरत. फुटबॉल अंगठ्याने दाबून बघत. बास्केटबॉल खांद्याच्या उंचीवरून सोडत. तो कमरेपर्यंत उसळला की म्हणत, "आता आला दम." दम हा त्यांचा लाडका शब्द. घाई करणाऱ्याला म्हणत, दम धर. थकलेल्याला म्हणत, दम खा. आळशाला तर असा दम भरत की तो मैदानाला फेऱ्या मारूनच थांबे. मी चेंडूंत दम भरायचो, सर पोरांना. पोरं पाठीमागे त्यांना 'दमसर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

किती संघ आले नि गेले. ढाली मिळाल्या, फोटो निघाले. फोटोत मी नसायचो, सरही नसायचे. जिंकल्यावर ते कडेला चेंडू जाळीत गोळा करत. हरल्यावर मात्र सगळ्यांच्या पुढे उभे राहत.

मग सरांना दमा जडला. शब्द ओळखीचाच, पण वैरी होऊन आला. जिना चढताना ते मधेच थांबून बुटाची नाडी बांधल्याचं सोंग करत. लेकीने दिलेली गरम पाण्याची बाटली सामानाच्या खोलीत माझ्यामागे लपवत. माझी गतही वेगळी नव्हती. वॉशर वाळून कडक झाला होता. मूठ दाबली की हवा चेंडूत जाण्याऐवजी वरूनच फुसकन निघून जाई. दोघं धापा टाकत आम्ही कसाबसा एक चेंडू भरायचो.

अंतिम सामन्याच्या आदल्या दुपारी मुलींची कप्तान माझ्याशी झटत होती. चेंडू काही फुगेना. वैतागून ती मैत्रिणीला म्हणाली, "जुन्याचा दम संपलाय गं. आता नवा आणायला सांगू या. कुणी बोलत नाही म्हणून किती दिवस चालवायचं?"

बाटली घ्यायला आलेले सर दाराशीच होते. दाराखालच्या फटीतून मला त्यांचे बूट दिसले. ते क्षणभर थांबले आणि आल्यापावली परत गेले.

मित्रांनो, ती माझ्याविषयी बोलत होती. मला ओरडून सांगायचं होतं. पण पंपाला कुठली वाचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले. बाटली, टोपी, टॉवेल पिशवीत भरत ते फोनवर लेकीला म्हणाले, "सामन्याआधीच प्राचार्यांना सांगतो, सोडतो म्हणून. पोरींना माझ्यामुळे अवघडायला नको."

निघता निघता त्यांची नजर एका मऊ पडलेल्या चेंडूवर गेली. हात सवयीचा. त्यांनी मला ओढलं, मूठ दाबली. फुस्स. पुन्हा दाबली. छाती भात्यासारखी हलू लागली. तेवढ्यात कप्तान आत आली.

"सर, नका दमू. तो कामातून गेलाय. कालच म्हटलं मी, जुन्याचा दम संपलाय."

सरांचा हात मुठीवरच राहिला. "पंपाचा?"

"मग कुणाचा?" ती म्हणाली. मग तिला भरलेली पिशवी दिसली आणि तिचा चेहरा उतरला. ती खाली बसली, माझी पायपट्टी दोन्ही हातांनी धरून. मग हळूच म्हणाली, "तुम्ही गेलात तर आम्हाला दम कोण भरणार, सर?"

धाप जरा ओसरल्यावर सर म्हणाले, "वॉशर वाळलाय नुसता. तेल आण."

त्यांनी माझं झाकण फिरवून काढलं. वॉशरला बोटाने तेल चोळत राहिले, चामडं मऊ होईपर्यंत. मग मूठ कप्तानने दाबली. चेंडू भरला. सरांनी तो खांद्यावरून सोडला. तो कमरेपर्यंत आला.

"आता आला दम," ती म्हणाली. सरांना बोलायला श्वास नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली.

तो सामना मुली हरल्या. सर खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. त्या दिवशी फोटो निघाला तेव्हा मुलींनी त्यांना मधोमध बसवलं. सरांच्या मांडीवर मी होतो.

सर आता नाहीत. ती कप्तान त्याच हॉलमध्ये शिकवते आणि दर हंगामाआधी माझ्या वॉशरला तेल लावते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी जिन्यावर मधेच थांबून बुटाची नाडी बांधत असेल. ती नाडी सुटलेली नसते. पुढे पळून जाऊ नका. शेजारी उभे राहा. थोडा दम धरा.