वाळू संपेपर्यंत बोलणारे साहेब

मित्रांनो, मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे आणि माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगितलेले बरे. तुमच्या पुस्तकांतली छत्री, फळा, खडू ही मंडळी फार गोड बोलतात. मला ते जमत नाही, कारण माझा जन्म अर्थखात्याच्या साहेबांसमोर गेला आहे.

मी जन्मलो मात्र चांगल्या घरी. एका काच फुंकणाऱ्याने माझी दोन गोल पोटे आणि मधला बारीक गळा एका दुपारी फुंकून तयार केला. त्याची बायको माझ्यासाठी वाळू चाळत होती. सात वेळा चाळून झाली तरी तिचे समाधान होईना.

“नुसतं वरून खाली पडायचंय तिला,” तो वैतागून म्हणाला. “एवढी काय चाळतेस?”

“एक खडा राहिला ना, तर घसा बसेल याचा,” ती म्हणाली. “मग लोक तुला नावं ठेवतील, मला नाही.”

तिने वाळू आठव्यांदा चाळली. माझी सगळी वाळू वरून खाली जायला बरोबर सहा मिनिटे लागत. तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता.

मला विकत घेतले ते सभागृहाच्या एका समितीने. लोकांनी निवडून दिलेले सदस्य या समितीत बसतात आणि अर्थखात्याला जाब विचारतात. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. घोड्याच्या नालासारखे वाकलेले मोठे टेबल, त्यावर शाईचे डाग पडलेले हिरवे कापड. नालाच्या तोंडाशी एक लहान टेबल असते. तिथे अर्थखात्याचे सचिव बसतात. त्यांच्या पाठीमागे हाताखालचे अधिकारी मांडीवर फायली घेऊन ओळीने बसतात. भिंतीला लागून एक बाक आहे. बाहेरच्या माणसांनी तिथे बसून ऐकायचे, बोलायचे नाही.

मला आणायचे कारण असे झाले. एका सदस्याने एकदा एकच प्रश्न जेवणाच्या सुट्टीपर्यंत विचारला आणि बाकीचे हात चोळत बसले. तेव्हा नियम ठरला की प्रत्येक सदस्याला एकदा घड्याळ भरून वेळ. ज्याची पाळी असेल त्याने मला आपल्या हाताने उलटे करायचे. वाळू संपली की पाळी संपली. एकदा उलटे केले की पुन्हा उलटे करायचे नाही. प्रश्न आणि उत्तर, दोन्ही त्याच वाळूत.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. अध्यक्ष मला ‘या खोलीतला एकमेव निःपक्षपाती’ म्हणत. शिपाईमामा रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसत आणि उजेडात धरून बघत. मी फुलून जात असे. मूर्खच होतो मी.

कारण नियमात एक भोक होते, आणि अर्थखात्याला अशी भोके फार लवकर दिसतात. उत्तराचा वेळही सदस्याच्याच वाळूतून जात होता. उत्तर लांबवले की पुढचा प्रश्न यायचाच नाही!

या कलेत सचिवसाहेबांचा हात धरणारे कोणी नव्हते. शिपाईमामांनी त्यांचे नाव ‘प्रस्तावनासाहेब’ ठेवले होते, कारण ते प्रस्तावनेच्या पुढे कधी गेलेच नाहीत. आधी ते अध्यक्षांचे आभार मानत. मग सदस्यांचे. मग प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते सांगत. मग खात्याची स्थापना कशी झाली तिथून सुरुवात करत. मध्येच चष्मा काढत, पुसत, उजेडात बघत, पुन्हा पुसत. पाणी तर असे पीत की जणू घोट मोजायला कोणी बसवले आहे. आणि हे सगळे करताना त्यांची एक नजर माझ्यावर असे. शेवटचा कण पडला की ते हसून म्हणत, “वेळ संपला, नाहीतर मी सविस्तर सांगणारच होतो.”

माझ्या अंगाचा तिळपापड होई. पण मी काय करणार? खाली पडत राहणे एवढेच मला येत होते.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. वर्षानुवर्षे वाळू जाऊन जाऊन माझा गळा आतून झिजला आणि किंचित रुंद झाला. सहा मिनिटांची वाळू सव्वापाच मिनिटांतच संपू लागली. सदस्यांच्या ते ध्यानात आले नाही. अर्थखात्याच्या एका अधिकाऱ्याने मात्र मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिले आणि साहेबांच्या कानात सांगितले. दोघेही गालातल्या गालात हसले. ते हसणे मी अजून विसरलेलो नाही.

आता मुख्य गोष्ट ऐका. त्या वर्षी अर्थखात्याने एक आदेश काढला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी मशीनवर अंगठा ठेवायचा. त्या वेळी लागोपाठ तीनदा मशीनने अंगठा ओळखला नाही, तर तो माणूस मृत समजायचा. पेन्शन बंद, आणि सरकारी दवाखान्याचे कार्डही बंद.

समितीत एक सदस्या होत्या. निवडून येण्याआधी त्या मोठ्या इस्पितळात परिचारिका होत्या, म्हणून सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणत. त्याच इस्पितळाच्या धुलाईघरात एका बाईने एकतीस वर्षे चादरी धुतल्या होत्या. उकळते पाणी आणि सोडा. त्यात तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसून गेल्या होत्या. सिस्टर तिला मावशी म्हणत. मशीनने मावशींचा अंगठा तीनदा नाकारला आणि खात्याच्या नोंदीत मावशी मेल्या. त्यांना दम्याचा त्रास होता. औषध कार्डावरच मिळे. त्यांच्यासारख्याच कार्डावरच्या औषधावर जगणाऱ्या, त्याच धुलाईघरातल्या आणखी बावीस जणी होत्या.

आदेश तात्पुरता होता, महिनाअखेरीस तो कायमचा होणार होता. तो थांबवायचा एकच मार्ग होता. खात्याला हे आधीपासून माहीत होते, असे समितीपुढे सिद्ध व्हायला हवे होते.

सिस्टरांची पाळी आली. त्यांनी मला उलटे केले आणि विचारले, “एकच प्रश्न आहे. ही मशीन झिजलेले अंगठे ओळखत नाही, हे आदेश काढण्याआधी खात्याला माहीत होतं का? हो की नाही?”

“माननीय अध्यक्ष,” साहेब म्हणाले, “अत्यंत संवेदनशील प्रश्न आहे. सदस्यबाईंचे मी मनापासून आभार मानतो. आता अंगठा या विषयाकडे खातं कसं पाहतं, हे समजण्यासाठी थोडं मागं जावं लागेल...”

ते मागे गेले, आणि मागेच राहिले. माझी वाळू संपली.

“थांबा,” सिस्टर म्हणाल्या. “भिंतीवरचं घड्याळ बघा. माझं पाऊण मिनिट बाकी आहे.”

“भिंतीवरच्या घड्याळाचा इथं काय संबंध?” साहेबांनी आवाज चढवला. “नियमात वाळू लिहिलीय. उद्या कोणी मनगट दाखवेल, परवा कोणी खिडकीतलं ऊन दाखवेल. अध्यक्षमहाराज, मला यावर स्पष्ट निर्णय हवा. लेखी हवा.”

अध्यक्ष कंटाळले होते. त्यांनी निर्णय दिला आणि तो वहीत लिहूनही घेतला. सदस्याचा वेळ फक्त वाळूच ठरवेल, दुसरे काहीही नाही. जोवर वाळू संपत नाही तोवर वेळ संपत नाही.

बाहेर व्हरांड्यात मावशी उभ्या होत्या. दार उघडेच होते, म्हणून मला ऐकू आले.

“सिस्टर, काय म्हणाले हो ते?”

“काहीच नाही, मावशी.”

“एवढा वेळ?” मावशी धापा टाकत म्हणाल्या. “मला तर त्यातलं एक वाक्य घरी सांगता येणार नाही.”

सिस्टर परत आत आल्या. खोली रिकामी झाली होती. त्यांनी मला हातात घेतले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. माझी मला इतकी लाज वाटली की फुटून जावेसे वाटले.

शेवटची बैठक महिना संपायला चार दिवस असताना झाली. सकाळी अकरा वाजता साहेब आले, तेच हसू घेऊन. मावशी मागच्या बाकावर बसल्या होत्या. सिस्टरांनी मला उलटे केले आणि तोच प्रश्न जशाच्या तसा विचारला. साहेबांनी आभारांना हात घातला. चार कण पडले नसतील, तोच सिस्टरांनी मला उचलले आणि टेबलावर आडवे ठेवून दिले.

मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा थांबलो. एका पोटातली वाळू तिथे, दुसऱ्या पोटातली इथे. काहीच हलेना.

“हे काय चाललंय?” साहेब ओरडले. “घड्याळ सरळ करा!”

“कोणत्या नियमानं?” सिस्टरांनी शांतपणे विचारले. “पुन्हा उलटं करायचं नाही, असा नियम आहे. मी उलटं केलेलं नाही. आणि वाळू संपल्याशिवाय वेळ संपत नाही, हा निर्णय तुम्हीच मागून घेतलात. लेखी.”

अध्यक्षांनी वही उघडली. वाचली. चष्मा वर करून पुन्हा वाचली. मग म्हणाले, “सचिवसाहेब, बाईंचं बरोबर आहे. चालू द्या तुमचं.”

साहेब हार मानणारे नव्हते. बोलून बोलून या बाईला थकवू, असे त्यांनी ठरवले. त्यांनी प्रस्तावना केली. मग प्रस्तावनेची प्रस्तावना केली. पण त्यांची सगळी तयारी माझ्या सव्वापाच मिनिटांपुरती होती! विसाव्या मिनिटाला आभार संपले. चाळिसाव्या मिनिटाला खात्याचा इतिहास आजच्या दिवसापर्यंत येऊन पोहोचला. पाण्याचा जग रिकामा झाला. साहेबांनी मागे हात केला, तसे अधिकारी एकेक कागद पुढे देऊ लागले आणि साहेब तो वाचू लागले. काय वाचतो आहोत इकडे त्यांचे लक्षच नव्हते. आयुष्यभर त्यांनी कागद असेच वाचले होते. मागचे अधिकारीही घाबरून हाताला येईल ते देत होते.

सिस्टर हाताची घडी घालून बसल्या होत्या. जेवणाची वेळ टळून गेली. कोणी उठले नाही.

“परिशिष्ट तीन,” साहेब बसलेल्या आवाजात वाचत होते. “मशीनच्या चाचणीचा अहवाल. धुलाई, दगडफोड व रंगकाम करणाऱ्या कामगारांचे अंगठे मशीन ओळखत नाही. आदेश काढल्यास जिवंत व्यक्ती मृत ठरण्याची शक्यता आहे. तरी अशा व्यक्तींसाठी...”

साहेब थांबले. आपण काय वाचले ते त्यांना स्वतःच्याच कानांनी तेव्हा कळले. मागच्या रांगेत एक फाईल खाली पडली.

“वाचा ना,” सिस्टर म्हणाल्या. “वरची तारीख वाचा.”

“हा कागद... चुकून...”

“तारीख!” अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला.

साहेबांनी तारीख वाचली. आदेश निघण्याच्या दोन महिने आधीची होती.

“मागं बसलेल्या बाई,” अध्यक्ष म्हणाले, “नियम नाही, पण तुम्हाला काही बोलायचं आहे का?”

मावशी बाकाला धरून उठल्या. “मी काय बोलणार? साहेबांच्या वहीत मी मेलेली आहे. मेलेल्या माणसानं जिवंत माणसांच्या बैठकीत तोंड घालू नये.”

त्या खाली बसल्या. साहेबांनी पुन्हा चष्मा काढला, पण या वेळी तो पुसला नाही.

आदेश रद्द झाला. मावशींना कार्ड परत मिळाले, औषध मिळाले. पण अर्थखाते अपमान गिळून गप्प बसणारे नव्हते. साहेबांची बढती झाली. सिस्टरांना पुढच्या वर्षी समितीवर घेतले नाही. आणि माझ्या जागी तर त्याच आठवड्यात विजेचे घड्याळ आले. त्याला आडवे केले, उताणे केले, काहीही केले तरी ते चालतच राहते. शिपाईमामांनी मला जुन्या फायलींच्या कपाटात ठेवले. तिथे मी अजून आहे. माझ्यावर बोटभर धूळ आहे.

अशा वेळी आमच्यासारख्यांनी ‘आमची काळजी घ्या’ म्हणायचे असते. मी म्हणणार नाही. धूळ असू द्या.

माझे मागणे वेगळे आहे. आदेश रद्द झाल्याचे पत्र घेऊन शिपाईमामा त्या तेवीस जणींच्या घरी गेले होते. परत आल्यावर ते माझ्या कपाटाशी बसून रडले. चार घरी पत्र घ्यायला ती बाई उरलेली नव्हती. सिस्टरांनी तो प्रश्न पहिल्यांदा विचारला त्या दिवशी त्या चौघीही जिवंत होत्या. त्या दिवशी साहेब एक शब्द बोलले असते, ‘हो’ एवढाच, तर त्यांना औषध मिळाले असते. तो शब्द बोलायला माझ्या वाळूचा एक कण पुरला असता. मित्रांनो, कोणी तुम्हाला सरळ विचारले तर सरळ सांगा. आणि कोणी तुमच्यासमोर वेळ काढू लागला, तर माझ्यासारखे मुकाट पडत राहू नका.